वारा लागू नये म्हणून

चैत्र अर्धा सरला की आमच्याकडे कूलर माळ्यावरून खाली येतो. मुलगा आणि सून दोघं मिळून तो खिडकीशी ओढतात, जाळीतला गेल्या वर्षीचा काळा पडलेला वाळा काढून टाकतात आणि बाजारातून आणलेला नवा वाळा ठासून भरतात. माझ्याकडे काम एकच. पाणी सोडल्यावर खाटेवर बसून सांगायचं, वारा येतो की नाही. मी येतो म्हणते. खरं तर पहिले काही दिवस त्या यंत्राचा आवाज माझ्या कपाळात घुमत राहतो आणि गारव्यापेक्षा शांतता बरी वाटते. पण पोरांनी एवढी खटपट केलेली असते, तर कशाला बोला. या वयात उन्हाळ्याशी भांडायची ताकद उरत नाही, घरच्यांशी भांडायची तर त्याहून नाही.

ओल्या वाळ्याचा वास मात्र खोलीत शिरला की मी कूस बदलते. मन भूतकाळात जातं वगैरे लोक लिहितात, तसं माझं होत नाही. दुपारी मला पाण्याचा पेला घ्यायलाही उठवत नाही, तिथे भूतकाळापर्यंत कोण जाणार. उलट तिकडूनच एक दमणी येते, चुन्यानं पांढऱ्या केलेल्या टपाची, आणि माझ्या खाटेपाशी उभी राहते. आत एक एकोणीस वर्षांची बाळंतीण आडवी आहे. तिचे कान फडक्यानं घट्ट बांधलेले आहेत आणि बाहेर वैशाख आहे. ती बाळंतीण मीच.

दमणी म्हणजे काय ते आता सांगावं लागतं. माल वाहायची ती बंडी, माणसं वाहायची ती दमणी. दोन चाकांची, हलकी, वर बांबूच्या कमानी, कमानींवर तट्ट्याचं टप, मागंपुढं पडदे. चार बायका आणि दोन गाठोडी बसली की पाय लांब करायला जागा नसे. एकीला झोपवायचं तर बाकीच्यांनी अंग चोरून बसायचं. थंडीच्या दिवसांत मला त्या गाडीत बसायला फार आवडे. बैलांच्या गळ्यातल्या घाटरांचा आवाज ऐकत झोप लागे आणि आपोआप गाव येई. उन्हाळ्यात मात्र तेच टप तापून खाली यायला लागे. आत बसलेल्या माणसाला डोक्यावर हात ठेवावासा वाटे, इतकी त्याची धग जवळ येई.

माझं माहेर मेडशीच्या पलीकडे, जंगलाला लागून. सासर मालेगावच्या पुढं, वाशीमच्या अंगाला. आज एसटीत बसलं तर एक डुलकी होते न होते तोच उतरायची वेळ येते. तेव्हा दमणीला अख्खा दिवस लागे, आणि उन्हाळ्यात तो दिवस कुणी वापरतच नसे. चैत्र लागला की आमच्याकडच्या गाड्या रात्रीच्या चालत. दिवेलागणीला बैल जुंपायचे, आखाला, म्हणजे चाकांच्या आसाला, कंदील टांगायचा आणि उजाडता उजाडता मुक्काम गाठायचा. दिवसा सगळी वाहतूक झाडाखाली झोपलेली असे. फक्त बाळंतिणीला ही सोय नव्हती. दिवे लागल्यावर ओल्या बाळंतिणीनं तान्ह्या लेकराला घेऊन गावाची शीव ओलांडायची नाही, बाहेरचं काही लागतं, असा नियम होता. तो कुणी केला ते कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून तो मोडायची परवानगी कुणाकडे मागायची हेही ठाऊक नव्हतं.

मोठं युद्ध नुकतंच संपलेलं, पेट्रोल अजून मोजूनमापून मिळत होतं. मालेगावहून वाशीमला कोळशाच्या वायूवर चालणारी एक मोटार जायची. तिच्या धुरात बाळंतिणीला बसवायचं कुणाच्या मनातही आलं नसतं.

तशी मी दिवाळीपर्यंत माहेरीच राहणार होते. पण माझ्या लेकीला, शकूला, सव्वा महिना होतो न होतो तोच सासरहून माणूस आला. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. त्या माणसानं ओसरीवर टेकून, पाण्याचा तांब्या घेण्याआधीच सांगून टाकलं.

"मामाजीनं अन्न सोडलं हो. एकच धरून बसले, नातीचं तोंड पाहाचं हाये. पोट्टीले घेऊन या लवकर, नाई तं मंग आमच्याजोळ काई इलाज नाई."

मुलगी झाली म्हणून सासरचं कुणी फिरकलं नव्हतं, आणि हा एक म्हातारा नातीसाठी अडून बसला होता. मला फार बरं वाटलं. जायलाच पाहिजे असं मीच आधी म्हटलं. नंतर त्या प्रवासाबद्दल घरात पुष्कळ बोलणं झालं, त्यात हे माझं म्हणणं सगळे विसरले.

बाबांनी दमणी अंगणात काढली. माझे बाबा तसे गप्प माणूस. पोरीवरची माया बोलून दाखवायची त्यांना सवय नव्हती, ती त्यांनी त्या गाडीवर काढली. टपाच्या तट्ट्याला बाहेरून चुना फासला, ऊन परतून जावं म्हणून. त्यावर कडब्याच्या पेंढ्या आडव्या बांधल्या आणि पेंढ्यांवर तरट घातलं, ते ओलं ठेवता येईल असं. खाली गाडीच्या तळाला पुन्हा कडबा, त्यावर कडुनिंबाचे हिरवे डहाळे, त्यावर सतरंजी. आणि दोन्ही बाजूंना वाळ्याच्या ताट्या. नाल्याकाठचा वाळा खणून, धुऊन, सुतळीनं ओवून त्यांनी त्या स्वतः विणल्या. पाणी मारलं की वारा त्यातून गार होऊन आत येणार. रस्त्यानं जाणारे थांबून बघत.

"काय दादा, दमनीचं लगन हाये का?"

"लेक जाऊन राह्यली माही," बाबा मान वर न करता म्हणाले. "तिले उन्हाचं काई कळू नये."

दुपारी त्यांनी ताट्यांवर पाणी मारलं आणि मला दारातूनच हाक मारली. "शांते, हात घालून पाह्य आत." मी हात घातला. विहिरीच्या खालच्या पायरीवर बसल्यावर लागतो तसा गारवा होता. बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते. मी हसले, तेव्हा ते पुन्हा सुतळी आवळायला लागले.

मग आत्या बाहेर आली. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, पण गावासारखी तीही त्यांना दादाच म्हणे. लहानपणीच कपाळ पुसून भावाच्या घरी परत आली, आणि माझी माय गेल्यावर तिनंच मला वाढवलं. तिनं ताट्या पाहिल्या आणि तिचा चेहरा उतरला.

"दादा, ह्या काढ."

"काहून?"

"काहून म्हनजे? ओली बायतीन हाये थे. गार वारा लागला म्हनजे?"

"आन् ऊन लागलं म्हनजे?"

"उन्हानं मानूस घामेजते. वाऱ्यानं मरते. तुले ठाव नाई का?"

बाबांचा हात ताटीच्या गाठीकडे गेला. त्यांना ठाऊक होतं आणि मलाही ठाऊक होतं. माझी माय माझ्या पाठच्या भावाच्या बाळंतपणात गेली. तेव्हाही वैशाखच होता. अंधारी खोली, खाटेखाली विस्तव, दारं-खिडक्या बंद. माय तळमळायची, खिडकी उघडा म्हणायची. एका दुपारी आत्याला ते बघवलं नाही. तिनं खिडकी उघडली. माय बरं वाटलं म्हणाली आणि झोपली. संध्याकाळी तिला ताप भरला, मग दातखिळी बसू लागली. माय गेली, मागोमाग भाऊ गेला. आज एखादा डॉक्टर सांगेल की त्या मरणाचा खिडकीशी काही संबंध नव्हता, नाळ कापायच्या विळ्याशी असेल, दाईच्या हाताशी असेल. आत्याला हे सांगणारं कुणी भेटलं नाही. गावात सगळे म्हणाले, बाळंतिणीच्या अंगात वारा शिरला. आणि खिडकी कुणी उघडली हे सगळ्यांना माहीत होतं.

म्हणून बाबांनी निमूटपणे ताट्या सोडल्या. त्या जागी आत्यानं घरातल्या जाड गोधड्या बांधल्या, कोरड्या, कुठं फट राहू नये अशा.

मला तेव्हा दोघांचाही राग आला होता. एकजण मला गार ठेवू बघत होता, दुसरी गरम, आणि दोघांपैकी कुणीही मला विचारत नव्हतं. बाळंतपण म्हणजे असंच असतं. सव्वा महिना तुम्ही एक सामान असता. कुणी उचलतं, कुणी शेकतं, कुणी बांधतं. परवा माझी नात अकोल्याच्या दवाखान्यात बाळंत झाली. खोलीत थंड हवेचं यंत्र, भिंती गुळगुळीत, डॉक्टरीण स्वतःच्या हातानं पंखा मोठा करून गेली. आणि आमची शकू, तीच ती दमणीतली, आता तिचे केस पिकले आहेत, ती आपल्या लेकीच्या कानांना स्कार्फ बांधत होती. नर्सनं तो सोडला. शकूनं पुन्हा बांधला. मी खुर्चीवर बसून बघत होते आणि मला हसू येत होतं, पण हसायचाही कंटाळा आला होता.

निघायच्या दिवशी सूर्य उगवल्याशिवाय लेकरू उंबऱ्याबाहेर काढायचं नाही, हा आणखी एक नियम. मग ओटी भरणं, मीठमोहऱ्या ओवाळणं, शेजारणींचं रडणं. ऊन बाधू नये म्हणून एकीनं शकूच्या दुपट्याच्या टोकाला कांदा बांधला. हे सगळं होईस्तोवर ऊन अंगणात उतरलं होतं. आमचा धुरकरी पुंजाजी, बाबांच्याच वयाचा, बैल जुंपून केव्हाचा जुवापाशी उभा होता. धुरकरी म्हणजे गाडी हाकणारा. बाबा त्याच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलले. मग मला म्हणाले, "पोचल्यावर निरोप धाड." एवढंच. गाडी हलली तेव्हा ते वळून गोठ्याकडे गेले.

त्या रस्त्याचं मला काय आठवतं म्हणाल, तर थकवा. दिसायचं तर काहीच नाही, सगळीकडे गोधड्या. कान बांधलेले, त्यामुळे चाकांचा आवाज लांबून आल्यासारखा आणि स्वतःच्या डोक्यातली धडधड जवळून. पाठीखालचा कडुनिंब चुरगळून त्याचा कडू वास यायचा. घाम आणि दूध दोन्ही वाहून चोळी अंगाला चिकटलेली. आत्या शेजारी गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. ती माझा घाम पुसत होती, सारखा पुसत होती, पण पदरानं वारा घालत नव्हती. एकदा चुकून तिचा हात तसा हलला आणि तिनं तो लगेच मांडीखाली दाबून धरला. शकू रडत होती. तिला पाजायचं, ती थोडं प्यायची, सोडून द्यायची, पुन्हा रडायची. मला वाटत होतं, कुणीतरी आपल्याला उचलून कुठंतरी ठेवून द्यावं आणि विसरून जावं.

रस्त्याच्या कडेला झाडांखाली रात्री चाललेल्या बंड्या सोडलेल्या होत्या. बैल बसलेले, माणसं डोक्यावर दुपट्टे घेऊन आडवी झालेली. हे मला दिसलं नाही, पुंजाजी सांगत होता म्हणून कळलं. एका झाडाखालून कुणीतरी विचारलं.

"कोन मेलं रे पुंजा?"

"कोनी नाई. बायतीन हाये आतमंदी."

"मंग भर उन्हात कायले नेऊन राह्यला?"

पुंजाजीनं बैलांना नुसती जीभ वाजवली.

आणि मग चाक कुरकुरायला लागलं. उन्हाळ्यात चाकाचं लाकूड आकसतं आणि त्यावरची लोखंडी धाव सैल होते. एरवी वाटेतल्या नाल्यात गाडी घटकाभर उभी करतात. लाकूड पाणी पितं, फुगतं, धाव पुन्हा घट्ट बसते. आम्ही नाल्यापाशी आलो तेव्हा त्यात नुसती वाळू होती. पुंजाजी उतरला. त्यानं धावेखाली लाकडाच्या पाचरी ठोकल्या, चाकाला चिंध्या गुंडाळल्या आणि गाडीला टांगलेली पाण्याची छागल आणून सगळी त्यांच्यावर ओतली. आता गाडीत माझ्या पायाशी ठेवलेलं एक मडकंच काय ते राहिलं.

"बाई, थ्या तिकडं मोठी चिंच हाये," तो गोधडीबाहेरून म्हणाला. "जरासं सावलीत थांबू. बैलंही दम घेतीन."

"भर दुपारी चिंचेखाली? बायतीन घेऊन?" आत्या म्हणाली. "चाल तू."

पुंजाजीनं वाद घातला नाही. तोही त्याच गावचा, चिंचेवरच्या भुताचं त्यालाही पटलं. आम्ही सावली टाकून उन्हात निघालो. गोधड्यांना आता हात लावला तर चटका बसावा इतक्या त्या तापल्या होत्या.

थोड्या वेळानं शकूचं रडणं कुरकुरीवर आलं, आणि मग तेही थांबलं. मला हायसं वाटलं. झोपली, म्हटलं. आपल्यालाही आता डोळा लागेल. पण आत्याला ती शांतता आवडली नाही. तिनं दुपटं बाजूला केलं, शकूच्या पोटाला हात लावला, मग डोक्याला.

"शांते, लेकराची टाळू पाह्य."

मी बघितलं. टाळू खोल गेली होती, बोट बसेल एवढी. अंगाला घाम नव्हता, कातडी कोरडी आणि भाजल्यासारखी गरम. मी तिला छातीशी धरलं, दुधाचा थेंब ओठांवर पाडला. ओठ हलले नाहीत. मी तिला हलवलं. तिची मान माझ्या हातावर पडून राहिली.

मी आत्याकडे पाहिलं. ती लेकराकडे बघत नव्हती. ती समोरच्या गोधडीकडे बघत होती, आणि तिच्या तोंडावर जे होतं ते मी एकदाच पाहिलेलं होतं, फार लहान असताना, मायला उचलून नेलं त्या दिवशी. मग तिनं हाक मारली.

"पुंजा, गाडी थांबव."

गाडी थांबली.

"थ्या ताट्या आनाले पाहिजे होत्या रे," आत्या म्हणाली.

 बाहेरून पुंजाजी म्हणाला, "आनल्या हायेत, बाई."

"कोठी?"

"आखाजोळ खाली बांधेल हायेत. दादानं सांगतलं होतं. बाईनं मागतल्या तर देजो. आपल्या तोंडानं काढू नोको."

आत्या रागावली नाही की रडली नाही. "माह्या भावानं मले बरं ओयखलं," एवढंच ती म्हणाली आणि दोन्ही हातांनी गोधड्या ओढायला लागली. गाठी सुटेनात तेव्हा तिनं दातांनी सोडल्या. पुंजाजीनं गाडीखालून ताट्या काढून बांधल्या. वाऱ्याकडची बाजू कुठली ते त्यानं बैलाच्या शेपटीच्या केसांवरून पाहिलं. आत्यानं मडकं उचललं.

"आत्या, पेयाले काईच नाई राहनार," मी म्हटलं.

"मालेगाव आलंच समज."

तिनं सगळं मडकं त्या ताट्यांवर रिकामं केलं. शेवटचं घोटभर पाणी पदरात घेऊन तो पदर शकूच्या तळपायांना आणि कपाळाला लावला. गाडी चालू लागली तसा वारा वाळ्यातून आत आला. बाहेर तो आग होता, आत येताना गार झाला होता, त्याला ओल्या मुळांचा वास होता. आत्या ताटीला पाठ लावून बसली. एका बाजूला तिनं शकूला धरलं, वाऱ्यात. दुसऱ्या बाजूला मी, तिच्या पाठीआड. वारा लेकराला लागावा आणि मला लागू नये, म्हणून ती मधे भिंत होऊन बसली होती. त्याही स्थितीत मला ते दिसलं.

शकूनं डोळे किलकिले केले. ओठ हलवले. आत्यानं तिला माझ्याकडे दिलं, पाजायला. माझ्याकडे आली की ती पुन्हा मलूल व्हायची. वाऱ्यात नेली की पुन्हा तोंड शोधायची. दोनदा तसं झालं. लेकराला वारा आणि मला नाही, असं जमेना. दूध माझ्याकडे होतं.

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. मग तिनं हात पुढं करून माझ्या कानांवरचं फडकं सोडायला घेतलं. गाठ तिला दिसत असूनही सापडत नव्हती.

"तुह्यी मायबी असंच म्हने," ती म्हणाली. "उघडा म्हने."

फडकं निघालं. तिनं मला धरून ताटीशी सरकवलं आणि शकूला माझ्या छातीशी ठेवलं. वारा माझ्या गळ्याला लागला, कानांना लागला, घामेजलेल्या केसांत शिरला. एवढं सुख मला त्यानंतर आयुष्यात कुठल्याच गोष्टीनं दिलं नाही. शकू प्यायला लागली. आधी थांबून थांबून, मग नीट. आत्या गाडीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली आणि तिनं माझ्याकडे पाठ केली. मग मालेगाव आलं. तिथं एका ओळखीच्या वाड्यावर पाणी मिळालं, मडकं भरलं, चाक भिजवलं, बैल सुटले. ऊन उतरल्यावर पुन्हा निघून दिवे लागायच्या आत आम्ही सासरी पोचलो.

मामाजी ओट्यावर बसून आंबा चोखत होते. निरोप धाडल्यावर त्यांची तब्येत सुधारत गेली होती म्हणे, आणि ते कळवायचं कुणाला सुचलं नव्हतं. त्यांनी हात धुतले, धोतराला पुसले आणि शकूला मांडीवर घेतलं.

"इतक्या उन्हातून आली आन् अंग कसं थंडं लागते हिचं," ते म्हणाले.

आत्या हे ऐकून आत गेली. मी तिच्या मागं गेले तर ती माजघरात भिंतीकडे तोंड करून रडत होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिनं वळून पहिल्यांदा काय केलं, तर माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

ती तिथं राहिली तोवर हेच चाललं. सकाळ, दुपार, संध्याकाळ कपाळाला हात. जबडा उघडून बघ, म्हणायची, दुखत नाही ना. मला ताप आला नाही. दातखिळी बसली नाही. मी चांगली धडधाकट राहिले, पुढं आणखी तीन लेकरं झाली. तरी आत्याची खात्री पटली नाही. ती म्हणे, वारा हाडात बसते, म्हातारपनी निंगते. या म्हणण्यापुढं काय बोलणार. मी जितकी वर्षं बरी राहीन तितकी तिची काळजी पुढं ढकलली जायची.

बाबा गेले तोवर आम्ही वाशीमला राहायला आलो होतो, तिलाही तिथं आणलं. तेव्हा पंखेसुद्धा मोजक्या घरांत होते. उन्हाळ्यात माझ्या मालकांनी खिडकीला वाळ्याचा पडदा लावला की आत्या खाट सरकवून भलत्याच कोपऱ्यात जाऊन बसायची. आणि मला बोलवायची.

"कंबर दुखते का तुह्यी?"

"नाई, आत्या."

"गुडघे?"

"नाई."

"तू मले सांगत नाई."

हे संभाषण आमच्यात किती वेळा झालं असेल. घाईत झालं, हसत झालं, चिडून झालं. पोरं आत्याची नक्कल करायची. शकू तर समोर फुगडी घालून दाखवायची, की बघ, ही तू वाचवलेली पोरगी. आत्या तिच्याकडे कौतुकानं बघायची आणि पुन्हा माझ्याकडे वळायची. पोरगी वाचली ते तिच्या हिशेबात देवाचं होतं. वारा मात्र तिनं स्वतःच्या हातानं आत घेतला होता. मी कितीदा तिला सांगितलं, की तू फडकं सोडलं नसतं तर मीही गेले असते आणि लेकरूही. ती ऐकून घ्यायची. मग म्हणायची, "तुह्यी मायबी खिडकी उघडल्यावर बरं वाटलं म्हने."

आणि खरं सांगायचं तर माझी कंबर कधी दुखलीच नाही. आज डोळे अधू झाले, दम लागतो, दात एकही स्वतःचा नाही. कंबर ताठ आहे.

तिच्या शेवटच्या वैशाखात आत्याला दिसेनासं झालं होतं. दिवसभर ती खाटेवर पडून असायची आणि आवाजावरून माणसं ओळखायची. मी त्या दिवसांत फार थकलेली होते. घरात पोरांच्या परीक्षा, विहिरीचं पाणी आटलेलं, पहाटेपासून रांगेत उभं राहायचं. एका दुपारी काम आटोपून मी तिच्या खाटेशी जमिनीवरच बसले आणि माझ्या तोंडून सुस्कारा निघाला. आत्यानं लगेच मान वळवली.

"कंबर दुखते का तुह्यी?"

नाही म्हणायला मी तोंड उघडलं होतं. पण किती वर्षं नाही म्हणायचं. माझ्या नाहीनं तिला कधी काही दिलं नव्हतं.

"हो," मी म्हटलं. "दुखते."

मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. फार वेळ उभं राहिलेल्या बाईला शेवटी बसायला जागा मिळावी तसा तिचा चेहरा झाला.

"मले ठाव होतं," ती म्हणाली. "कवापासून?"

"झाले बरेच दिवस."

"मंग सांगाचं नाई का? जाय, वाळूची पुरचुंडी गरम करून आन. आन् दार लाव आधी. खिडकीचा पडदाबी काढ, ओला हाये थो."

मी पडदा काढला, दार लावलं. चुलीवर तव्यात वाळू तापवली, फडक्यात बांधली आणि तिच्या हातात दिली. ती उठून बसली, महिन्याभरात पहिल्यांदा आपली आपण. मी तिच्याकडे पाठ करून बसले. बाहेर लू चालली होती, खोलीत हवा हलत नव्हती, आणि आत्या त्या गरम पुरचुंडीनं माझी कंबर शेकत होती, हळूहळू, एक जागा न सोडता. माझ्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता. मी तो पुसला नाही, हात हलला असता तर तिला कळलं असतं.

"बरं वाटते का आता?"

"वाटते."

"उद्या अजून शेकू. निंगून जाईन थो वारा."

त्यानंतर ती होती तोवर रोज दुपारी, दार-खिडक्या लावून, मी माझी न दुखणारी कंबर तिच्याकडून शेकून घेतली.